मामाचे सगळे ऑप्शन

मॅट्रिकला नापास कसं व्हावं, हे माझ्या मामाला जितकं नीट साधलं होतं तितकं साऱ्या यवतमाळ जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला साधलं असेल, असं मला वाटत नाही. नापास होणारे पुष्कळ असतात. एकदा होतात, दोनदा होतात, मग कुणाच्या शेतात नाहीतर दुकानात निमूट कामाला लागतात आणि पुन्हा परीक्षेचं नाव काढत नाहीत. मामाचं तसं नव्हतं. तो माझ्या मायचा मावसभाऊ, आर्णीच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या काट्यावर बसायचा. दिवाळीपासून होळीपर्यंत शेतकऱ्यांच्या बैलबंड्यांतला कापूस तोलायचा आणि हंगाम सरत आला की मार्चमध्ये यवतमाळला जाऊन बाहेरून मॅट्रिकला बसायचं, हा त्याचा वर्षाचा क्रम. जूनमध्ये निकाल लागला की 'काय झालं?' असं त्याला कुणी विचारत नसे. 'यंदा कोणता घेतला होता?' असं विचारत. कारण मामा दर खेपेला नवा ऐच्छिक विषय घेई. ऐच्छिक हा शब्द पुस्तकातला. आमच्या तोंडी त्याला 'ऑप्शन' म्हणत. संस्कृत झालं, शरीरशास्त्र झालं, शेतकी झाली, भूगोल झाला, गणित-भूमिती झाली. या सगळ्या विषयांत मामा काठावर का होईना, पण पास व्हायचा. नापास व्हायचा तो दरवेळी इंग्रजीत. इंग्रजीत नापास व्हायचं आणि ऑप्शन बदलायचा, हा हिशेब आमच्या घरात कुणालाच कधी कळला नाही. मी लहान असताना एकदा त्याला विचारलंही. तो जराही न रागावता म्हणाला, "इंग्रजी सक्तीचं हाय, पोरी. ते आपल्याच्यानं बदलत नाही. मंग जे बदलता येते तेच बदलावं लागंल ना माणसानं?"

त्यानं सोडलेले विषय मात्र त्याला सोडत नसत. शरीरशास्त्राच्या वर्षी त्याला लग्नाच्या पंगतीत बसवायची सोय राहिली नव्हती. शेजारच्यानं घास गिळला रे गिळला की मामा त्याच्या पोटाकडे बोट दाखवून, तो घास आता कुठे पोहोचला आणि तिथे त्याचं काय काय होणार, हे सविस्तर सांगायला लागे. एका पंगतीत नवरीचे चुलते अर्ध्या जेवणातून उठले, आणि ते रुसले असं समजून दोन्हीकडची माणसं त्यांची मनधरणी करत मांडवभर फिरली. भूगोलाच्या वर्षी त्यानं डावं-उजवं हे शब्दच टाकून दिले. प्रवासी मोटारीत शिरला की "जरा वायव्येले सरका" म्हणे. एका म्हातारीला ती शिवी वाटली आणि तिनं त्याला उतरेपर्यंत झोडपून काढलं. मामा खाली उतरल्यावरही "बाई, वायव्य म्हंजे तुमचा खिडकीकडचा कोपरा" असं मोटारीमागे पळत पळत सांगत होता. शेतकीच्या वर्षी तो कुणाच्याही शेताच्या धुऱ्यावर बसून चिमूटभर माती जिभेवर ठेवी आणि मालकाकडे असा गंभीरपणे बघे, की मालकाला पेरायची धास्ती वाटावी. आणि संस्कृताच्या वर्षी जिनातल्या काट्यावर, बंडी आत येताना आणि बाहेर जाताना, बैलांना विभक्त्या ऐकवत असे. "देवः, देवौ, देवाः... चाल बे, काढ बंडी!"

स्वतःच्या लग्नाच्या वेळी मुलगी पाहायला गेला तेव्हाही, नाव नाही, गाव नाही, त्यानं पहिला प्रश्न विचारला, "तुमचा ऑप्शन कोणता?" मामी चौथीपर्यंत शिकलेली. तिनं मान वर न करता उत्तर दिलं, "आमच्याकडे चूल सक्तीची हाय." मामानं तिथल्या तिथे होकार दिला. अशी बाई पुन्हा मिळणार नाही, असं तो आम्हाला नेहमी सांगत असे, आणि मामी आतून "नाही तं काय" म्हणत असे.

एक निवड मात्र त्यानं एकदाच केली आणि पुन्हा तिच्याकडे वळून पाहिलं नाही. छप्पन साली आमची माणसं नागपूरला गेली, कुणी ट्रकमधून, कुणी रेल्वेनं, कुणी चालत. मामाही गेला आणि दीक्षा घेऊन परत आला. घरातले जुने देव त्यानं आदरानं टोपलीत ठेवून नदीत सोडले आणि हात धुऊन ओट्यावर बसला. मायनं त्याला विचारलं, "आता काय करायचं, भाऊ?" मामा म्हणाला, "आता पोरी शिकवायच्या." त्याला स्वतःला तेव्हा मूलबाळ नव्हतं. आमच्या घरात पोर मी एकटीच. तेव्हा हे वाक्य माझ्याच वाट्याला येणार, हे ठरल्यासारखंच होतं.

जूनमध्ये शाळा उघडली की जिन बंद असल्यामुळे मामा मोकळा असे. मग तो हायस्कुलाच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली सायकल उभी करी, तिच्या कॅरियरवर बसे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बापांना नववीत कोणता ऑप्शन घ्यावा ते न विचारता सांगे. नापास झालेल्या माणसाचा सल्ला कोण घेणार? पण थांबत सगळेच. कारण मामानं प्रत्येक विषय आतून पाहिलेला होता. तो त्या विषयांबद्दल नात्यातल्या माणसांसारखं बोले. संस्कृत दिसायला कडक पण मनानं मऊ, शेतकी कामाची पण वहीत तिचा जीव गुदमरते, असं. एखादा बाप चिडून म्हणे, "ते जाऊ द्या, कामाचा विषय कोणता ते सांगा." त्यावर मामाचं ठरलेलं उत्तर होतं. "परीक्षा होऊन गेल्यावर, निकाल लागल्यावर, पुस्तक विकून टाकल्यावर बी जो विषय आठवते, तो कामाचा."

"तुमाले कोणता आठवते?"

"भूमिती," मामा म्हणे.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं त्या दिवसांत मी आठवी पास झाले. नववीत मुलींनी काय घ्यायचं, हा प्रश्न शाळेत कुणाला पडतच नसे. मुली गृहशास्त्र घेत. तिथे दोन शिवणयंत्रं होती, एक प्रेमळ बाई होत्या, आणि बेसनाचा वास यायचा. मला त्याचा राग नव्हता. पण आठवीत सरांनी फळ्यावर एक त्रिकोण काढून त्याचे तीन कोन मिळून दोन काटकोन होतात हे दाखवलं होतं, तेव्हापासून माझं मन ठिकाणावर नव्हतं. आमच्याकडे गोष्टी खऱ्या असायच्या त्या कुणीतरी मोठ्या माणसानं सांगितल्या म्हणून. ही गोष्ट कुणी सांगितली त्यावर अवलंबूनच नव्हती. हेडमास्तरांनी सांगितलं तरी दोन काटकोन, माझ्या बापानं सांगितलं तरी दोन काटकोन. आमच्या वस्तीत काढलेल्या त्रिकोणातही तेवढेच. हे मी कुणालाच बोलून दाखवलं नव्हतं. मला फक्त आणखी पाहिजे होतं.

पण बाबांचा धाक होता. बाबा त्याच शाळेत चपराशी होते. शाळेची घंटा म्हणजे आवारात टांगलेला रुळाचा तुकडा. त्यावर लोखंडी दांडक्यानं टोले मारायचं काम बाबांचं; त्या दांडक्यालाही आम्ही टोलाच म्हणत असू. ती घंटा कधी मागे-पुढे झाली नाही. शिक्षक आपली घड्याळं तिच्यावर लावत. बाबांना शाळेत सगळे मान देत तो या नेमकेपणासाठी, आणि हा मान आपण एका चुकीनं घालवू शकतो याची त्यांना रात्रंदिवस भीती वाटे. मला भूमिती घ्यायची आहे हे मी मायला सांगितलं, मायनं मामाला सांगितलं, आणि मामा त्याच संध्याकाळी आमच्या दारात येऊन बसला. बाबा सदरा काढून भिंतीला टेकले होते.

"पोरी गृहशास्त्र घेतात," मामानं तोंड उघडायच्या आतच ते म्हणाले. "हेडमास्तर साहेबानं मले स्वतः सांगतलं. विषय संपला."

"भाऊजी, विषय तं आताच सुरू होऊन राह्यला."

"तू बोलू नको!" बाबा कधी ओरडत नसत. त्या दिवशी ओरडले. मायच्या हातातली भाकर तव्यावर तशीच राहिली. "तू नापास होते तं तुले जिन हाय. हिले काय हाय? एकदा नापास झाली का फीमाफी गेली. माफी गेली का शाळा गेली. मंग मी काय करू? लगन करून मोकळा होऊ? गृहशास्त्रात पोरगी नापास होत नाही. मॅट्रिक होईल, मास्तरीण होईल. तुले काय जाते सांगाले?"

कोणत्याही विषयावर बोलू शकणारा मामा उंबऱ्यावरची माती नखानं कोरत बसला. बाबांचं खोटं नव्हतं, हेच वाईट होतं. बाबांना लहानपणी शाळेचं तोंडही पाहायला मिळालं नव्हतं आणि मामाला शाळेनं पुन्हा पुन्हा परत पाठवलं होतं. दोघांनाही माझं भलंच करायचं होतं, आणि दोघांच्या मध्ये मी बसले होते. शेवटी मामानं माझ्याकडे पाहिलं.

"तुले काय पाह्यजे?"

"भूमिती," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणाले. बाबा उठून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी मामा धुतलेलं धोतर नेसून गणिताच्या सरांकडे गेला. मी बाहेर उभी होते. सर किडकिडीत, कोटाच्या बाह्यांवर कायम खडूची पूड. स्वभावानं कडक, पण सरळ. ते म्हणाले, "मुलींना मी घेत नाही असं नाही. आजवर कुणी आलीच नाही. पण ही आली, आणि दिवाळीत रडत रडत गृहशास्त्रात गेली, तर वर्ष हिचं जाईल. मला कुणाचं वर्ष घालवायचं नाही."

"नाही रडणार जी."

"ते तुम्ही कसं सांगता?"

"मी रडलो नाही," मामा म्हणाला, "इतक्या खेपा झाल्या."

सरांना हसू आलं असावं, पण त्यांनी ते दाखवलं नाही. त्यांनी अट घातली: येत्या शनिवारी शेवटच्या तासाला मी वर्गात यायचं, ते देतील ते प्रमेय सगळ्या मुलांसमोर फळ्यावर सोडवायचं, घंटा व्हायच्या आत. सुटलं तर बसायचं. नाही सुटलं तर मुकाट्यानं शिवणयंत्र. मग त्यांनी बाबांना बोलावून हेच सांगितलं. शिक्षकांना नाही म्हणणं बाबांना माहीतच नव्हतं. "जी सर," एवढंच ते म्हणाले. त्यानंतर घरात ते कुणाशी बोलेनासे झाले. जेवताना ताटाकडे पाहत, उठताना माझ्याकडे. त्यांच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तिथे नुसती काळजी होती.

शनिवार येईपर्यंत मामा रोज येऊन आमच्या ओट्यावर कोळशानं त्रिकोण काढत असे. शिकवणं म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याला ठाऊक होती ती फक्त घसरायची जागा. "इथं माझं चाक रुतलं होतं," तो एका कोनावर बोट ठेवून म्हणे. "इथं मी घाई केली. इथं मले वाटलं सुटलं, अन् सुटलं नव्हतं." एक गोष्ट मात्र त्यानं मला बजावून सांगितली. "हे पाह्य. प्रमेयात जे दिलं हाय ते इंग्रजीवानी. सक्तीचं. त्याले हात लावायचा नाही. पण मधात जी रेघ तू काढते, ते तुह्या हातची हाय. तो ऑप्शन. जमत नसंल तं पुसून दुसरी काढायची. त्याच्यात लाज कायची?" त्याच्या साऱ्या आयुष्याचं वेडं तर्कशास्त्र त्यानं त्रिकोणात आणून बसवलं होतं, आणि मला ते तेव्हा हसण्यासारखं वाटलं. हसायची हिंमत नव्हती, एवढंच.

शनिवारी सकाळची शाळा. शेवटच्या तासाला मी नववीच्या वर्गात शिरले तेव्हा बाकांवरचं बोलणं एकदम थांबलं. मामाला सरांनी शाळेत यायला बंदी केली होती. पण खिडकीतून आवारात पाहिलं तर तो घंटेजवळ बाबांच्या शेजारी उभा, दोन्ही हात पाठीमागे, आपण सहज आलो आहोत असा चेहरा करून. सरांनी फळ्यावर त्रिकोण काढला. म्हणाले, "दोन कोन समान दिले आहेत. त्यांच्यासमोरच्या बाजू समान असतात, हे सिद्ध कर." आणि खुर्ची खिडकीशी ओढून बसले.

मी ओट्यावर नेमकं याच्या उलटं पाठ केलं होतं. बाजू समान दिल्या तर कोन समान, ते मला झोपेत आलं असतं. इथे सगळं उलटं उभं होतं. खडू मोडला, एक मुलगा फिसकन हसला आणि सरांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मी त्रिकोणाच्या शेंड्यापासून पायाच्या बरोबर मध्यावर रेघ आणली. पायाचे दोन तुकडे समान. मधली रेघ दोन्ही त्रिकोणांची. खालचे कोन समान, ते दिलेलेच. सगळं हाताशी होतं, आणि तरीही दोन त्रिकोण एकमेकांवर बसत नव्हते. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा तिथेच आले.

"हे एवढ्यावरून त्रिकोण एकरूप होतात?" सर म्हणाले.

"नाही, सर."

"मग?"

मी खिडकीकडे पाहिलं. खिडकीतून बाबा दिसत होते. ते हातात टोला घेऊन उठले होते. बाबा टोला घेऊन उठले म्हणजे घंटेला किती वेळ उरला, हे शाळेत माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. शिवणयंत्राचा खडखड आवाज कानात यायला लागला. वर्ष, माफी, शाळा, लग्न, हे सगळं त्या एका रेघेवर येऊन बसलं होतं, आणि रेघ तर मीच काढलेली होती.

मीच काढलेली होती. मामाचं बोलणं तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. दोन कोन दिलेले, त्यांना हात लावायचा नाही. पण ही रेघ कुणी दिलेली नाही. मी फडकं घेतलं आणि ती रेघ पुसून टाकली. मागून मुलांचा 'अरे' असा आवाज आला. वेळ संपत आल्यावर पुसतं का कुणी? मी खिडकीकडे पाठ केली. शेंड्याच्या कोनाचे दोन समान भाग करणारी दुसरी रेघ काढली. ती पायाच्या मध्यावर पडते की नाही, याची आता मला पर्वा नव्हती. वरचे दोन कोन समान, मी केले म्हणून. खालचे दोन समान, दिलेले म्हणून. मधली रेघ दोघांची. मी लिहीत होते आणि प्रत्येक अक्षराला घंटा ऐकू येईल म्हणून मान आखडून घेत होते. घंटा येत नव्हती. त्रिकोण एकरूप. घंटा नाही. म्हणून या दोन बाजू समान. मी शेवटची ओळ लिहिली, खडू ठेवला, आणि मागे वळले तेव्हा रुळावर टोला पडला.

सरांनी खिशातून घड्याळ काढून पाहिलं. मग खिडकीबाहेर पाहिलं. मग फळ्याकडे.

"पहिली रेषा का पुसलीस?"

"तिच्यानं पुढे जाता येत नव्हतं, सर."

सर घड्याळ खिशात ठेवत म्हणाले, "सोमवारी कंपासपेटी आण. आणि त्या खिडकीजवळच्या बाकावर बस."

मी बाहेर आले तेव्हा मामा कडुनिंबाला धरून उभा होता आणि बाबा टोला खुंटीला अडकवत होते. बाबा जवळ आले. त्यांनी माझ्या बोटांवरची खडूची पूड पाहिली, आपल्या खांद्यावरच्या दुपट्ट्यानं ती पुसली, आणि शाळेची दारं लावायला निघून गेले. त्या दिवशी घंटा उशिरा झाली, हे साऱ्या शाळेला कळलं होतं. ती कशी झाली, यावर मात्र आमच्या घरात पुढे कित्येक वर्षं भांडण चाललं. "ह्या येड्यानं मागून टोला धरून ठेवला," असं बाबा सांगत. मामा शपथेवर सांगे, "म्या हात बी लावला नाही. भाऊजीचा हातच वर राह्यला, खाली येईच ना." माझी तर खिडकीकडे पाठ होती. मायला विचारलं की ती भाकरीवर पाणी फिरवत म्हणे, "दोघायचे बी हात होते त्या टोल्यावर."

पुढची वर्षं सोपी गेली नाहीत. साऱ्या वर्गात मी एकटी मुलगी, आणि प्रत्येक चाचणीच्या आधी बाबांचं जेवण कमी व्हायचं. पण मी पास होत गेले. माझ्या मागून आणखी दोन मुली त्या बाकावर आल्या. त्यांच्या बापांना मामानं कडुनिंबाखाली किती पिळलं असेल, याची कल्पना करवत नाही. मॅट्रिकला मी पास झाले त्याच निकालात मामा पुन्हा नापास होता, ऑप्शन चित्रकला. पेपरात त्यानं स्वतःचा नंबर शोधलाच नाही. माझा नंबर बोटानं दाबून धरला आणि साऱ्या मोटारस्टँडला दाखवला.

मी शिकायला अमरावतीला गेले. पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत त्याला भेटायला जिनात गेले तेव्हा हंगाम सुरू झाला होता. कापसाच्या बंड्या फाटकापर्यंत लागलेल्या, आणि मामा काट्याशेजारी, भुवयांवर, कानांवर, मिशांवर सरकी सुटलेला कापूस, नुसता पांढरा. "बस," म्हणाला. "आता काय शिकून राह्यली ते सांग." मी म्हटलं, "तुला नाही कळायचं, मामा." "कळाले कोण सांगतलं? तू सांग." मी त्याला वाकड्या रेषेखालची जागा कशी मोजतात ते सांगितलं. तिचे उभे बारीक पट्टे करायचे, मग त्याहून बारीक, मग त्याहूनही. तो डोळे मिटून ऐकत होता. बंडीवाले ओरडायला लागले तेव्हा त्यानं डोळे न उघडता हात वर केला, "थांबा ना बे, पोरगी सांगून राह्यली." आणि मला म्हणाला, "मंग?"

त्यानंतर दर दिवाळीच्या सुट्टीत हेच. बी.एस्सी. झाली, पुढे नागपूरला एम.एस्सी.ला गेले, तरी आर्णीला उतरले की आधी जिन. मी सांगायची, आणि तो 'मंग?' म्हणायचा. एका दिवाळीला मी त्याला सांगितलं की अनंतातही लहानमोठं असतं. एक अनंत असतो आणि त्याच्याहून मोठा दुसरा अनंत असतो. तेव्हा तो काटा सोडून उठला आणि फाटकापर्यंत चालत जाऊन परत आला. "बाप्पा!" एवढंच म्हणाला.

साठचं दशक सरत आलं आणि मामाला दम्यानं धरलं. उशिरानं झालेली त्याची मुलगी अजून लहान होती; मामीच्या माहेरची माणसं महागावला होती, म्हणून मामी सगळ्यांना तिकडे घेऊन गेली. मी गेले तेव्हा तो अंगणात बाजेवर पडून होता. हाडांवर कातडी, बोलताना मध्येच थांबायचा. मामीनं मला आतच सांगितलं होतं, जास्त बोलू नको. मी बाजेशी बसले. त्यानं विचारायच्या आधीच मी ठरवलं होतं, की काहीतरी सोपं, थोडक्यात आटपेल असं सांगावं. म्हणून मी ते अनंताचं पुन्हा सुरू केलं. त्याला आवडलं होतं. आणि आता कुठे आठवत असणार. एक अनंत, त्याच्याहून मोठा दुसरा, असं मी हळूहळू सांगत होते. मामानं डोळे उघडले.

"हे झालं," तो म्हणाला. "दिवाळीले सांगतलं होतं तू."

मामी दारात येऊन उभी राहिली. मामानं पुन्हा डोळे मिटले, उशीवर मान नीट केली आणि म्हणाला, "पुढचं सांग."

मी बाजेच्या जवळ सरकले, आणि पुढचं सांगायला लागले.